कार्ड सरळ होतं ते गार होताना

रावेरकडच्या एका शेतकरी भावाने विचारलंय. पाकीट चारचाकीच्या डॅशबोर्डवर राहिलं, गाडी दुपारभर बाजार समितीबाहेर उन्हात उभी होती. संध्याकाळी पाहिलं तर डेबिट कार्ड मधोमध फुगून पन्हाळीसारखं झालेलं. चिप वरून ठीक दिसते. एका एटीएमने कार्ड आत घेतलंच नाही, दुसऱ्यात घालायची हिंमत होत नाही. घरचे म्हणतात फडकं ठेवून इस्त्री फिरवा, शेजारी म्हणतो उकळत्या पाण्यात सोडा. नवीन कार्ड यायला आठ-दहा दिवस लागतील आणि केळी कापणाऱ्या मजुरांचे पैसे शनिवारी द्यायचेत. तर कार्ड घरी सरळ होतं का, हा त्यांचा प्रश्न.

होतं, बऱ्याचदा होतं. पण भाऊ, तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. कार्ड दिसायला सपाट करणं सोपं आहे. ते सपाट करताना चिप मरू नये आणि नंतर ते एखाद्या यंत्राच्या पोटात अडकून शनिवारी तुमच्यावर हात हलवत परतायची वेळ येऊ नये, हे अवघड. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी आठ वर्षं जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एटीएम यंत्रांच्या दुरुस्तीचं काम केलं. आता अमळनेरला झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे, पीव्हीसीची ओळखपत्रंही छापतो. म्हणजे वाकडं कार्ड यंत्राच्या तोंडात काय करतं हेही पाहिलंय आणि गरम झालेलं प्लास्टिक कसं वागतं हेही. एप्रिल लागला की दर दोन-चार दिवसांनी कोणी ना कोणी काउंटरवर येतं, "मन्हं कार्ड वाकी गयं" म्हणत. आपल्याकडचा उन्हाळाच तसा आहे. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा बंद गाडीत काचेखालची जागा सहज ७० अंशांच्या पुढे जाते. आणि बँकेचं कार्ड ज्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनतं, त्यात ते उणे ३५ ते ५० अंशांपर्यंत नीट राहावं एवढीच अपेक्षा आहे. ५० अंश आपल्याकडे गाडीत सकाळी अकरालाच होतात. तेव्हा कार्ड हलक्या दर्जाचं निघालं असं समजू नका, ते चुकीच्या जागी राहिलं.

आता कार्ड मुळात आहे काय ते पाहू, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. सगळी कार्डं ८५.६० मिलिमीटर लांब, ५३.९८ रुंद आणि ०.७६ जाड. बहुतेक कार्डं पीव्हीसीची, पण एका अखंड पत्र्यासारखी नाहीत. चार-पाच पातळ थर उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेले असतात. मधल्या थरांत, कार्डावर वायफायसारखी आडवी खूण असेल तर, तांब्याच्या केसासारख्या तारेचे वेढे कडेकडेने फिरवलेले असतात. दुकानात नुसतं टेकवून पैसे जातात ते त्या वेढ्यांमुळे. आणि सोनेरी चौकोन आपण ज्याला चिप म्हणतो, ती चिप नाहीच. तो फक्त संपर्काचा पत्रा. खरी चिप त्याच्या पाठीमागे, मोहरीच्या दाण्याला चपटं करावं एवढी, रेझिनच्या थेंबात बसलेली असते आणि पत्र्याला अगदी बारीक तारांनी जोडलेली असते. हा सगळा जोड कार्डात कोरलेल्या खळग्यात गरम करून चिकटवलेला असतो. म्हणजे उष्णतेने चिकटलेला तो उष्णतेनेच सुटतो. इस्त्रीच्या वाटेला का जायचं नाही, त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

वाकण्याचे दोन प्रकार असतात आणि दोघांचा इलाज वेगळा. एक उन्हाचा बाक. प्लास्टिक मऊ झालं, आतले थर थोडे वेगवेगळे ताणले गेले, आणि गार होताना ज्या आकारात होतं त्याच आकारात धरलं. हा बाक लांबट, गोलसर असतो, कुठे घडी नसते. दुसरा दाबाचा. मोटारसायकलवर मागच्या खिशात पाकीट ठेवून रोज धरणगाव ते जळगाव करणाऱ्याचं कार्ड असतं तसा. तो हळूहळू पडतो. कधी एकदम पडतो, म्हणजे कार्डावर कोणी बसलं किंवा दारात चेमटलं, आणि मग तिथे पांढरी रेघ येते.

ही पांढरी रेघ नीट शोधा. कार्ड खिडकीकडे धरून तिरपं करा आणि दोन्ही बाजूंनी पाहा. पांढरी रेघ म्हणजे प्लास्टिक आतून तुटलं. नुसतं वाकलं असतं तर रेघ आली नसती. ते सपाट होईल, पण जोडलं जाणार नाही, पुढे कधीतरी तिथूनच दोन तुकडे होतील. रेघ सोनेरी पत्र्याखालून किंवा त्याला लागून जात असेल तर घरगुती खटाटोप सोडा आणि सरळ नवीन कार्ड मागवा. पत्र्याची कड नखाला लागते का, एखादा कोपरा उचललाय का, तेही पाहा. उचलला असेल तर तेच उत्तर. रेघ दुसऱ्या टोकाला असेल तर चिप बहुधा वाचते, मात्र टेकवून पैसे देण्याची सोय गेलेली असू शकते, कारण ते वेढे कार्डभर फिरलेले असतात आणि कुठेही एक तार तुटली की संपलं.

तुमच्या वर्णनावरून तुमचा उन्हाचा बाक वाटतो. आता तो किती आहे हे मोजायला पट्टी लागत नाही, एक चांगलं सपाट कार्ड लागतं. आधार, पॅन, ड्रायव्हिंग लायसन्स, कोणतंही पीव्हीसीचं चालेल. आरशावर किंवा एखाद्या सपाट काचेवर वाकडं कार्ड फुगीर बाजू वर करून ठेवा. आता चांगलं कार्ड त्या फुगाऱ्याखाली हलकेच सरकवून बघा. मानकाप्रमाणे साध्या, अंक न उठवलेल्या कार्डाचा उंचवटा त्याच्या जाडीसकट १.५ मिलिमीटरच्या वर नको. जाडी ०.७६ वजा केली तर खाली उरते साधारण पाऊण मिलिमीटर, म्हणजे एका कार्डाएवढीच जागा. चांगलं कार्ड खाली शिरत नसेल तर बाक मर्यादेत आहे, यंत्रं एवढं चालवून घेतात. अशा वेळी काही करूच नका. सहज शिरत असेल तर ते यंत्राला देऊ नका. दोन कार्डं एकावर एक ठेवून शिरत असतील, तर पुढचं सगळं करा पण आशा कमी ठेवा.

अंक उठवलेली जुनी कार्डं असतील तर मानक थोडी जास्त सूट देतं, २.५ मिलिमीटर. पण आता बहुतेक बँका सपाट छपाईचीच देतात.

आता इस्त्रीचं उरलेलं अर्धं. इस्त्रीवर एका ठिपक्याची जी सगळ्यात कमी खूण असते, ती साधारण ११० अंशांची. पीव्हीसी ८० च्या आसपास मऊ पडायला लागतं. म्हणजे सर्वात कमी आचेवरसुद्धा तुम्ही तीस अंश पुढे आहात, वर फडकं असलं तरी. त्यात इस्त्रीचा तवा सगळीकडे सारखा तापत नाही, आणि आपण ती फिरवतो, म्हणजे एक भाग तापतो तेव्हा दुसरा गार होत असतो. वाकडं व्हायला नेमकं तेच कारण असतं. वरचा पातळ पारदर्शक थर फुगे धरतो. चिपखालचा गोंद सैल होतो. उकळतं पाणी १०० अंशांचं, ते इस्त्रीपेक्षा बरं पण तेही जास्तच. केस वाळवायचं यंत्र एकाच जागी झोत मारतं. गॅसच्या ज्योतीवरून फिरवणारेही पाहिलेत, त्यांना काय सांगायचं. आणि मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच नको, आतल्या तांब्याच्या तारांमुळे ठिणग्या उडतील.

हे सगळं शहाणपण मला दुकान उघडल्या उघडल्या आलेलं नव्हतं. पहिल्याच वर्षी एक शिक्षक वाकलेलं कार्ड घेऊन आले. मी म्हटलं, सर, दोन मिनिटांचं काम. माझ्याकडे लॅमिनेशनचं यंत्र, दोन गरम रुळांतून कागद सपाट होऊन निघतो, मग कार्ड का नाही निघणार? घातलं. कार्ड दुसऱ्या बाजूने अगदी पट्टीसारखं सपाट बाहेर आलं. सर खूश, मीही खूश. मग हातात घेतलं तर सोनेरी चौकोनाभोवती बोटाला एक कड लागली, जणू चौकोन कार्डात किंचित खाली बसलाय. मागच्या बाजूला त्याच जागी नाण्याएवढं टेंगूळ. वरचा थर एका कोपऱ्यात दुधाळ झालेला. लॅमिनेशनचा रूळ ११० ते १५० अंशांवर चालतो, हे मला पाठ होतं. कार्डाला काय सोसतं ते विचारायचं तेवढं राहिलं. ते कार्ड त्यानंतर एकाही यंत्राने वाचलं नाही. नव्या कार्डाचे पैसे मी भरले, आणि सरांनी त्यानंतर वर्षभर दुकानात आल्यावर आधी खिशावर हात ठेवून हसायचं सोडलं नाही.

त्यातून एक गोष्ट डोक्यात बसली. उष्णता कार्ड सरळ करत नाही. ती फक्त त्याला आधीचा आकार विसरायला लावते. नवीन आकार ते गार होताना धरतं. आपल्याकडच्या बायकांना हे सांगावं लागत नाही. बिबड्या किंवा पापड गच्चीवर पूर्ण कडक वाळू दिले की कडा वर वळतात आणि मग काही केल्या सपाट होत नाहीत. म्हणून थोडे ओलसर असतानाच उचलून एकावर एक रचायचे, वर पाट ठेवायचा आणि दाबाखालीच त्यांना पुरतं वाळू द्यायचं. कार्डाचंही तेच, फक्त ओलाव्याच्या जागी ऊब. लोक पाच मिनिटं गरम करतात आणि अर्धं मिनिट दाबतात. करायचं उलट असतं. ऊब दोन मिनिटांची आणि दाब रात्रभराचा.

आधी थंड इलाज करून पाहायचा. हलका बाक असेल, किंवा खिशातला बाक असेल, तर दोन आरशांच्या तुकड्यांत किंवा दोन गुळगुळीत फरशांत कार्ड धरा, वर तांदळाचा डबा, आणि दोन दिवस विसरून जा. त्याला उलट्या बाजूने वाकवून "बरोबर" करू नका. हाताने उलटं वाकवताना सगळा जोर एका रेषेत येतो, आणि ती रेषा बहुतेक वेळा चिपच्या कडेजवळच पडते, कारण कार्डात तिथेच कडक आणि मऊ भाग भेटतात.

दोन दिवसांत फरक पडला नाही तर गरम पाणी. सामान घरचंच. एक घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी, दोन आरशाचे तुकडे किंवा ओट्याचा गुळगुळीत दगड आणि एक आरसा, छपाई नसलेले कोरे कागद, आणि पाच-सात किलोचं वजन. दळणाचा डबा उत्तम. ही मांडणी पाणी तापवायच्या आधी तयार ठेवायची, नाहीतर आरसा शोधेपर्यंत कार्ड हवेत वाकडं गार होतं.

थर्मामीटर कोणाकडे नसतो, म्हणून मी मापाने करतो. तीन वाट्या खळखळ उकळलेलं पाणी आणि तीन वाट्या माठातलं पाणी एकत्र केलं की साधारण ६०-६५ अंश होतात. माठाचंच घ्या. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात स्वतःच अंघोळीचं असतं, मग हिशोब चुकतो. कार्ड पुसून पिशवीत घाला, हवा काढून तोंड बंद करा आणि पिशवी तोंडाशी धरून पाण्यात सोडा. पिशवी यासाठी, की चिपची कड कुठे सुटली असेल तर पाणी आत जाऊ नये. दोन मिनिटं पुरे. मधे काढून वाकवून बघू नका, मोह होतो.

बाहेर काढलं की पिशवीतून सोडवून लगेच आरशावर ठेवा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन कोरे कागद, वर दुसरा आरसा, त्यावर वजन, आणि वजन हळू ठेवायचं, आपटायचं नाही. अंक उठवलेलं कार्ड असेल तर कागदाऐवजी सुती रुमालाची घडी घ्या, नाहीतर अंक चेपतात. आता ते तसंच रात्रभर राहू द्या. तासाभरात हाताला गार लागतं, पण मी तासाभरात काढलेली कार्डं दुपारपर्यंत पुन्हा थोडी उचललेली पाहिली आहेत. आणि हे सगळं रात्रीच करा, दुपारी स्वयंपाकघर ४० अंशांवर असतं तेव्हा गार होणार कुठे?

सकाळी पुन्हा काचेवर ठेवून तीच परीक्षा करा. अर्धा बाक गेला असेल तर एक फेरी अजून, या वेळी तीन वाट्या उकळतं आणि दोन वाट्या माठाचं, म्हणजे ७० च्या आसपास. त्याच्या पुढे जाऊ नका. दोन फेऱ्यांत जे झालं ते झालं. काही कार्डं पीव्हीसीची नसतात, एखाद्या चिवट प्लास्टिकची असतात, ती गरम पाण्याला दाद देत नाहीत. आणि धातूचं कार्ड असेल तर हात लावू नका, त्याचा वाक वेगळ्याच हिशोबाचा असतो.

मी हे किती कार्डांवर केलं त्याचा आकडा ठेवलेला नाही. पण उन्हाने वाकलेली, पांढरी रेघ नसलेली कार्डं बहुतेक वापरण्याजोगी झाली. घडी पडलेली फार थोडी. आणि झाली तीही नवीन कार्ड येईपर्यंत चालवायची म्हणून, पुढची पाच वर्षं वापरायची म्हणून नाही. एकदा तापून वाकलेलं प्लास्टिक पुढच्या उन्हात लवकर वाकतं.

आता कार्ड सपाट झालं, तरी धावत एटीएमकडे जाऊ नका. कोणत्या यंत्रात आधी घालायचं याला क्रम आहे. पहिल्यांदा ओळखीच्या किराणा दुकानात किंवा पेट्रोलपंपावर, हातातल्या छोट्या मशीनवर. तिथे कार्ड अर्धं बाहेर असतं, कधीही ओढून काढता येतं. शंभर रुपयांचं काहीतरी घ्या, कार्ड चिपच्या बाजूने घालून पिन टाका. व्यवहार झाला म्हणजे चिप जिवंत आहे. टेकवून पैसे गेले म्हणून चिपचा पत्रा ठीक आहे असं समजू नका. ते तारेच्या वेढ्यांवर चालतं, एटीएम पत्र्यावर चालतं. उलटही खरं, टेकवून होत नसेल तरी एटीएम चालू शकतं.

त्यानंतर एटीएम, आणि तिथेही दोन जाती आहेत. एक, ज्यात कार्ड आपण हाताने अर्धं घालतो आणि त्याचं टोक बाहेर दिसत राहतं. दुसरी, ज्यात मोटर कार्ड पूर्ण आत ओढून घेते. पहिल्या जातीत वाकडं कार्ड फार तर वाचलं जात नाही. दुसऱ्यात मात्र तोंडाची फट कार्डापेक्षा थोडीच मोठी, आत रबरी रूळ, आणि मग चिपवर टेकणाऱ्या बारीक पिना. फुगीर कार्ड रुळांवर घसरतं, तिरपं होतं, पिना पत्र्याच्या कप्प्यांवर नीट बसत नाहीत. पत्र्यावर आठ किंवा सहा कप्पे दिसतात, त्यातले पाच तरी लागतातच, एक चुकला की यंत्र म्हणतं कार्ड वाचता येत नाही. तुमचं कार्ड पहिल्या एटीएमने घेतलंच नाही, ही चांगली गोष्ट झाली. घेतलं असतं आणि परत देता आलं नसतं, तर ते आतल्या डब्यात पडलं असतं. मी असे डबे उघडलेत. दुसऱ्या बँकेचं अडकलेलं कार्ड ग्राहकाला तिथल्या तिथे हातात मिळत नाही, बहुतेक वेळा ते रद्दच होतं.

म्हणून आपल्याच बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम, कामकाजाच्या वेळेत, आणि जमलं तर हाताने घालायचं यंत्र. दुसरा-चौथा शनिवार टाळा, शाखा बंद असते. एकदा वाचलं नाही तर कार्ड कोरड्या मऊ कापडाने पुसून एकदाच अजून बघा, संपलं. खोडरबराने पत्रा घासायचा सल्ला ऐकाल. त्यावर सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, घासून घासून तोच निघतो.

कार्ड अडकलंच तर पिन, चमचा, सुरी काही आत घालू नका. रद्दचं बटण दाबा, तिथेच उभं राहून बँकेच्या कार्डामागच्या नंबरवर फोन करा. हा नंबर कार्ड अडकल्यावर कार्डामागे वाचता येत नाही, म्हणून आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवा. आणि शेजारी उभा असलेला कोणी मदतीला आला, "पिन पुन्हा टाका, मग बाहेर येतं, माझंही तसंच झालं होतं", तर त्याला नमस्कार. कार्ड मुद्दाम अडकवून पिन पाहायची ही जुनी चाल आहे. एटीएमच्या दारात भलाई करायला उभे राहणारे लोक आठ वर्षांत मी फार पाहिले नाहीत.

मजुरांच्या पैशांचं मात्र कार्डाच्या भरवशावर ठेवू नका. पासबुक आणि पैसे काढायची स्लिप घेऊन आपल्या शाखेत जा, सगळ्यात बिनघोर. शाखा लांब असेल तर गावातल्या बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने पैसे देणाऱ्या माणसाकडे, आधार आणि अंगठ्यावर पैसे मिळतात, एका वेळी १० हजारांपर्यंत, फक्त आधार खात्याला जोडलेलं हवं. मोबाइलवर यूपीआय चालू असेल तर काही एटीएमवर पडद्यावरचा कोड स्कॅन करून बिनकार्डाचेही निघतात, त्यालाही मर्यादा असते. कार्ड वाकलं म्हणून यूपीआय बंद पडत नाही, आणि ऑनलाइन वापरायला कार्डावरचे अंक वाचता आले की पुरे.

नवीन कार्डासाठी आजच अर्ज करा, कार्ड सरळ होण्याची वाट बघत बसू नका. शुल्क बँकेप्रमाणे बदलतं, बहुतेक ठिकाणी दोनशे-तीनशेच्या घरात आणि वर १८ टक्के जीएसटी. फक्त अर्ज करताना एक प्रश्न विचारा: नवीन येईपर्यंत जुनं चालू राहील का? कित्येक बँकांत बदली कार्डाची विनंती टाकली की जुनं त्याच क्षणी बंद होतं. मग रात्रभर आरशाखाली दाबलेलं कार्ड सकाळी सपाट असून काय उपयोग? "हरवलं" असं तर चुकूनही सांगू नका, ते लगेच बंद करतात, आणि बरोबरच करतात. "खराब झालंय, बदलून हवंय" असं सांगा.

कार्डाचा फोटो काढून कोणाला "बघा किती वाकलंय" म्हणून पाठवू नका, मलाही नको. समोरचे अंक, मुदत आणि मागचे तीन अंक एवढ्यावर ऑनलाइन खरेदीचा बराच रस्ता पार होतो. नवीन आलं की जुनं कात्रीने कापताना चिपमधून आणि काळ्या पट्टीतून असं दोन्हीकडून कापा आणि तुकडे एकाच कचऱ्यात टाकू नका.

आणि नवीन आल्यावर ते मोबाइलच्या कव्हरमागे खोचू नका. अर्धा खानदेश तिथे कार्ड ठेवतो. चार्जिंगला लावलेला मोबाइल, वर खिसा, वर ऊन, आणि मोबाइलची पाठ गोलसर. त्यापेक्षा कडक प्लास्टिकच्या खोक्यात ठेवा, वरच्या खिशात.

तर भाऊ, तुमच्यासाठी क्रम असा: उद्या सकाळी शाखेत पासबुक घेऊन जा, मजुरांचे पैसे स्लिपवर काढा आणि तिथेच तो जुन्या कार्डाचा प्रश्न विचारून घ्या. आज रात्री जेवणं झाल्यावर माठाचं पाणी, आरसा आणि दळणाचा डबा. आणि त्याआधी कार्ड खिडकीकडे धरून पांढरी रेघ आहे की नाही, आणि असेल तर चिपपासून किती बोटं लांब, तेवढं पाहून सांगा. त्यावर पुढचं सांगतो.